सर्टिफिकेट भिंतीवर, माणूस काउंटरवर

गांगुर्डे मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांनी मला उभ्या उभ्या परत पाठवलं होतं. त्या तेव्हा सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट होत्या आणि मी नवा कोरा पांढरा कोट घातलेला शिकाऊ. त्यांनी गोळ्यांची एक पट्टी माझ्या हातात दिली. पेशंटला चारच हव्यात, कापा, म्हणाल्या. मी टोकाकडून झरकन कापून दिली. पेशंट गेल्यावर त्यांनी उरलेली पट्टी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "हिची मुदत कधी संपते?" मुदतीची तारीख छापलेलं टोक पेशंटच्या खिशात बसून केव्हाच निघून गेलं होतं. नवशिके सगळे हेच करतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या नावानं बोटं मोडत पायऱ्या उतरलो. आज देवळाली कॅम्पात माझं मेडिकल आहे. माझ्याकडे पट्टी तारखेच्या उलट्या टोकाकडून कापतात आणि पेशंटच्या पाकिटावर तारीख हातानं लिहितात.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला फोन केला आणि काहीतरी प्रसन्न लिहा, असं सुचवलं. मॅडमबद्दल प्रसन्न लिहायला मला काडीची अडचण नाही. अडचण आहे ती आपल्या धंद्याची, आणि मॅडमबद्दल लिहायचं तर धंद्याबद्दल लिहावंच लागतं. तेव्हा संपादकांनी माफ करावं, मी माझ्या पद्धतीनं लिहितो.

डिप्लोमा झाला की पूर्वी नोंदणी व्हायची आणि माणूस फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभा राहायचा. आता नोंदणीआधी परीक्षा आहे. परीक्षेला माझा विरोध नाही, मॅडमचा तर मुळीच नाही. औषध देणाऱ्याला औषध कळलं पाहिजे, यात वाद कसला? पण ज्या कॉलेजांनी पोरांकडून फी घेतली, प्रयोगशाळेचं कुलूप पाहुणे आले तरच उघडलं आणि दुकानातल्या ट्रेनिंगचे दाखले पोरांना दुकान न बघताच सही करून आणायला लावले, त्या कॉलेजांची परीक्षा कोण घेणार? पोरं नापास झाली की हेच लोक हात वर करून म्हणतात, हल्लीची मुलं अभ्यासच करत नाहीत. ऐकलं की डोक्यात तिडीक जाते.

मॅडम असल्या चर्चेत पडल्या नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी उपनगरातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात दर रविवारी या परीक्षेचा वर्ग सुरू केला. पेठ-सुरगाण्याकडची पोरं पहाटेच्या एसटीनं येतात. आल्या आल्या मॅडम त्यांच्यापुढे पोह्यांच्या बशा ठेवतात. उपाशी पोटी डोस पाठ होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग प्रश्न सोडवून घेतात, आणि प्रत्येक प्रश्नानंतर त्याच औषधाची माहिती पोरानं आपल्या घरच्या बोलीत सांगायची, आपल्या आजीला सांगतोय असं समजून. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, म्हणून एका पोरानं कुरकुर केली होती. मॅडमनी त्याला शांतपणे सांगितलं, की परीक्षा एकदाच असते, आजी रोज येणार आहे.

वैशाली गावित याच वर्गातली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. वडील काशिनाथभाऊ हंगामात द्राक्षाच्या बागांवर कामाला येतात. तिनं ट्रेनिंग माझ्या दुकानात केलं, खरोखर केलं, रोज उभं राहून. मागच्या खेपेला ती परीक्षेला निघाली तर घाटात एसटी बंद पडली. केंद्र दुसऱ्या शहरात. पोर धावतपळत पोचली तेव्हा फाटक नुकतंच बंद झालं होतं. तिनं विनवण्या केल्या, कोणी ऐकलं नाही. वर्षभर तयारी केलेली मुलगी प्रश्नपत्रिका न बघताच घरी आली.

आणि मग आपले एक गृहस्थ तिच्या घरी पोचले. औषधाची दुकानं आहेत, नवं काढायचं आहे. आपल्याकडची रीत बाहेरच्या वाचकांसाठी उघड सांगतो: दुकानाला फार्मासिस्ट लागतो, म्हणून कुणाचं तरी नोंदणीचं सर्टिफिकेट भाड्यानं घ्यायचं, भिंतीवर लावायचं, आणि औषधं भलत्यानंच द्यायची. ज्याचं सर्टिफिकेट तो घरी बसतो. या गृहस्थांनी परीक्षेची फी भरायची, वैशालीला स्वतःच्या गाडीनं केंद्रावर न्यायचं-आणायचं, असं कबूल केलं. बदल्यात पास झाल्यावर सर्टिफिकेट त्यांच्या दुकानात.

काशिनाथभाऊ आनंदानं पेढे घेऊन मॅडमकडे आले. मी तिथंच होतो. "बाई, शेठ भला माणूस हाय," ते म्हणाले. "पोरीनं घरीच राहायचं, नाव तेवढं दुकानात लावायचं. त्यात वंगाळ काय?"

मॅडम म्हणाल्या, "काशिनाथभाऊ, उद्या त्या दुकानातून तुमच्याच पाड्यावरच्या एखाद्या बाईला भलती गोळी दिली गेली, तर भिंतीवर नाव कोणाचं असेल?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, की पोर आता एकटी जायची नाय, तिनं धसका घेतलाय. गाडी नको म्हटलं तर तिला नेणार कोण?

"मी नेईन," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्या गृहस्थांच्या दुकानात गेल्या. मला सोबत नेलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. गृहस्थांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळेच करतात हो मॅडम, असं हसत हसत सांगितलं. मॅडमनी चहा बाजूला ठेवला. "सर्टिफिकेट हवंय ना? मग त्याच्याबरोबर माणूसही घ्यावा लागेल. वैशाली रोज तुमच्या काउंटरवर उभी राहील." गृहस्थ म्हणाले, ती उभी राहिली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आलेली गिऱ्हाइकं परत पाठवेल. मॅडम म्हणाल्या, "पाठवेलच." बोलणं तिथंच संपलं. हे गृहस्थ आज मॅडमचा सत्कार घडवून आणणाऱ्या गौरव समितीवर आहेत. नाव लिहायला मॅडमनी मनाई केली आहे. त्यांना कळेल.

आता या समितीचा पराक्रम. हॉल मोकळा कधी, प्रमुख पाहुणे मोकळे कधी, हे सगळं बघून सत्काराचा आणि या ग्रंथाच्या प्रकाशनाचा दिवस ठरला. तो नेमका परीक्षेचा दिवस निघाला. खोलीभर फार्मासिस्ट बसले होते, एकाच्याही लक्षात आलं नाही! आपल्याच धंद्यात येणाऱ्या पोरांची परीक्षा कधी आहे, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि आपण निघालो त्या पोरांच्या शिक्षिकेचा गौरव करायला. मी बैठकीत हे बोललो तर उत्तर आलं, की एका मुलीसाठी कार्यक्रम कसा हलवायचा? मग तेच गृहस्थ मोठ्या मनानं म्हणाले, मुलीसाठी माझी गाडी पाठवतो, मॅडम इथंच थांबतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोललो ते इथं छापता येणार नाही.

मॅडमना सांगायला गेलो तेव्हा वाटलं, त्यांना वाईट वाटेल. परीक्षेच्या आदल्या रात्री वैशाली त्यांच्याकडे मुक्कामाला येणार होती, तिचं अंथरूण त्या आतापासूनच काढून ठेवत होत्या. म्हणाल्या, "शाल काय, नंतर घरी आणून द्या. फाटक एकदाच बंद होतं."

मॅडमना भरपूर आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना पुरे पडोत, नजर औषधावरची बारीक अक्षरं वाचण्याइतकी शाबूत राहो, आणि पोरांना फाटकापर्यंत पोचवण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये, इतकी लाज आपल्याला लवकर वाटो.

हा ग्रंथ आपल्या हाती पडेल तेव्हा मंचावरची मधली खुर्ची रिकामी दिसेल. तिच्यावर कुणा पाहुण्याला बसवू नका. मॅडम या क्षणी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभ्या आहेत, आणि वैशाली आत आहे.