जुन्या व्हर्जनचे पाव्हणे

जगाने टाकून दिलेल्या व्हर्जनची एवढी काळजी वाहणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच तर मला दाखवा. माझ्या धाकट्या बहिणीचे हे दीर देवळाली प्रवऱ्यात राहतात, ऊस लावतात आणि उरलेल्या वेळात एक सॉफ्टवेअर लायब्ररी सांभाळतात. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड. यांची लायब्ररी माती तपासणाऱ्या यंत्राचे आकडे कॉम्प्युटरला वाचून दाखवते. ती लिहिली आहे पायथन भाषेत, आणि त्या भाषेचं दरवर्षी नवं व्हर्जन येतं. नव्यासाठी बांधलेलं लायब्ररीचं पॅकेज, म्हणजे उतरवून घ्यायचा गठ्ठा, जुन्यावर चालेलच असं नाही. शहाणी माणसं जुन्याला रामराम ठोकून मोकळी होतात. यांना ते जन्मात जमलं नाही.

गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांनी पाच जुनाट कॉम्प्युटर मांडलेत, प्रत्येकावर एकेक व्हर्जन. नवीन पॅकेज बांधलं की ते पाचही ठिकाणी चालवून बघायचं, आणि तोवर पाण्याशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हा नेम. पुतणीच्या साखरपुड्याला पंगत बसली तरी हे खोलीतून हलेनात. बहीण बोलवायला गेली तर म्हणाले, "चार झाली वैनी, एक ऱ्हायलंय. तेला तसंच सोडून मी कसा जेवू?" व्याह्यांची समजूत घालताना बहिणीच्या नाकी नऊ आले. कुठलंही व्हर्जन सोडायचं म्हटलं की हे लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येकाला आधी फोन करणार. तब्येत, पाऊसपाणी, मुलांची शिक्षणं असं सगळं विचारून झाल्यावर व्हर्जनचा विषय निघायचा.

मागच्या हिवाळ्यात घरच्यांनी फारच लावून धरलं म्हणून सर्वांत जुनं व्हर्जन सोडायचं ठरलं. राहुरीतली माझी माती परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा त्यांच्याच लायब्ररीवर चालते, तेव्हा मलाही फोन आला. "पाव्हणं, मशीनवर पायथन नवीन हाय ना?" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सोयऱ्यापुढे अडाणी कशाला दिसा, म्हणून ठोकून दिलं, "एकदम नवीन."

पुढच्या सोमवारी सकाळी नवीन पॅकेज आपोआप उतरलं आणि कॉम्प्युटरने आकडे वाचणं सोडलं. टेबलावर मातीच्या पिशव्यांची रांग, आणि बाकावर कांदा लावायला निघालेल्या एक बाई. "उद्या लागवडीला बाया सांगितल्यात. खत कंचं टाकू, तेवढं सांगा की," असं त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. अंदाजाने खत सांगणं माझ्याच्याने होईना. शेवटी लाज गिळून फोन केला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

ते म्हणाले, "तुमचं काय न्हाई चुकलं. जुन्या मशीननं हे पॅकेज घिऊ नये, आशी चिठ्ठी पॅकेजावर लावायची असती. चिठ्ठी बघून मशीन आपसूक मागचं पॅकेज उचलतं. मी मान्सांना इचारत बसलो आन् मशीनला सांगायचंच ऱ्हायलं." अर्ध्या तासात त्यांनी ते पॅकेज मागे घेतलं, चिठ्ठी लावून नवीन चढवलं आणि मला पुन्हा उतरवायला सांगितलं. माझ्या म्हाताऱ्या मशीनने निमूटपणे मागचं पॅकेज घेतलं. पडद्यावर पहिला आकडा उमटला तसा मी बाईंच्या खताचा कागद लिहायला बसलो. बाई कागद घेऊन दुपारच्या एसटीने गेल्या.

त्यानंतर वर्षभर सगळ्या पृथ्वीतलावर त्या व्हर्जनचा एकच गिऱ्हाईक उरला होता, तो मी. माझ्या एकट्यासाठी ते जुनं पॅकेज दुरुस्त करत राहिले आणि दर सोमवारी न चुकता फोन करत राहिले. "मशीन बरं हाय का?" मशीन बरं असायचंच, मग गप्पा ऊस, बिबट्या, त्यांचे गुडघे अशा कुठेही जायच्या. मला त्या फोनची सवय कधी लागली ते कळलंच नाही.

गेल्या आठवड्यात मी नवीन कॉम्प्युटर घेतला आणि या वेळी आपणहून कळवलं. "सुटलो बाबा येकदाचा," म्हणून ते मनापासून हसले. मलाही हलकं वाटलं. मग त्यांचा आवाज थोडा उतरला.

"पन पाव्हणं, आता सोमवारी फोन कशापायी करायचा?"

मी म्हणालो, "मी करीन."