भोंगामावशीची हाक

भोंगामावशीचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातून काहीतरी सांडतंच. आमच्या वहिनीनं, नवी नवरी असताना, दुधानं भरलेला अख्खा गंज सांडला होता. सकाळी साडेसहाला दारात कुणीतरी "अवं, येतं का वंऽऽ!" असं ओरडलं आणि तिला वाटलं, गावात आग लागली. मावशी तर फक्त माझ्या आईला विचारत होती, आज कापूस वेचायला येते का म्हणून. पूर्वी घाटंजीकडच्या एका जिनिंग कारखान्याचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू यायचा, असं म्हातारी माणसं सांगतात. तो कधीतरी बंद झाला आणि हिला ते नाव पडलं. खरं नाव रेशनकार्डावर असेल. मी ते कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला पऱ्हाटीला कापूस फुटतो आणि वेचणीला बायांची टोळी लागते. आमच्या टोळीची मुकादम भोंगामावशी. रोज सकाळी ती वीसेक घरांसमोर उभी राहायची. ज्या घरात जयभीम त्या घरात जयभीम, जिथं रामराम तिथं रामराम, आणि मग तो प्रश्न. आतून ओरडून दिलेलं उत्तर तिला चालायचं नाही. "बाहेर ये अन् सांग," म्हणायची. बाई पदराला हात पुसत दारात आली की मावशी तिच्याकडे एकदा नीट बघायची. कधी म्हणायची, "तू आज नोको येऊ. डोये पाह्य कसे झाले तुह्ये. पडून राह्य." त्या बाईनं तापाचं नावही काढलेलं नसायचं.

मग सगळ्या पाराजवळ जमायच्या आणि एका रांगेत वावराकडे निघायच्या. पुढे मावशी, हातात काठी, आणि ती काठी दर दोन पावलांना जमिनीवर आपटलेली. बारावीनंतर मी पहिल्यांदा टोळीत गेले तेव्हा मला त्या काठीचं हसू यायचं. "हसून राह्यली का वं, सुशे? जनावराले सांगा लागते, आम्ही येऊन राह्यलो म्हणून. तेही बिचारं कोणाच्या वाटेत पडाले टपलेलं नसते," ती म्हणायची. टिटवी कुठं ओरडते, साळुंक्या कशावर तुटून पडल्यात, वानरं एकदम गप्प का झाली, हे ती चालता चालता सांगायची. आम्ही बोलत असलो तरी चालायचं, पण तिचा शब्द ठरलेला होता, "तोंड गावात राहू द्या, कान वावरात ठेवा."

वावरात तिची एक रीत होती. प्रत्येकीच्या वाट्याच्या ओळींना आम्ही पात म्हणतो. सगळ्या पाती एकत्र पुढे सरकायला हव्यात. कुणी पुढे पळायचं नाही. कुणी मागे पडली तर आजूबाजूच्या दोघींनी तिची बोंडं वेचत तिला ओढून आणायचं. त्यामुळे दिवसभर दोन्ही बाजूंना माणूस असायचं आणि गप्पा थांबायच्या नाहीत. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा नवरा हात उचलतो, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, सगळं त्या पातीत कळायचं आणि बऱ्याच गोष्टींचा निकालही तिथंच लागायचा. हात उचलणाऱ्या एका नवऱ्याच्या दारात आम्ही अठरा जणी ओटीत कापूस तसाच घेऊन जाऊन उभ्या राहिलो होतो. मावशीनं फक्त त्याच्या नावानं एक हाक मारली. तो मागच्या दारानं पळाला आणि दोन दिवस गावात दिसला नाही.

तिच्या मुलानं पुण्याहून तिला मोबाइल पाठवला होता. मावशी तो हातभर लांब धरून बोलायची. मुलगा म्हणायचा, "आई, हळू बोल, कान फुटले." ती म्हणायची, "तू पुण्याले हायेस का बाजूच्या घरी?" मग तिनं तो तुरीच्या डब्यात ठेवून दिला आणि वर झाकण लावलं. तुरीतून फोन वाजायचा आणि ती भाकरी थापत बसायची. "मले भेटाचं असन तर थो येईन," म्हणायची. मुलगा वर्षातून दोनदा यायचा. मला तेव्हा तिचा फार राग यायचा. एवढी कसली आडमुठी बाई, असं मी आईला म्हणायचे.

आता माझा पराक्रम सांगते. त्या वर्षी टोळीतल्या बहुतेक घरांत चांगले फोन आले होते आणि मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे शहाणपण उतू चाललं होतं. मी व्हॉट्सॲपवर टोळीचा ग्रुप केला. आदल्या संध्याकाळी कोणाचं वावर ते टाकायचं, ज्यांना यायचं त्यांनी अंगठा दाखवायचा आणि सकाळी थेट वावरात पोचायचं. पाराजवळ जमण्यात अर्धा तास जात होता, तो वाचला. मला खरंच वाटलं होतं की मी म्हातारीचे पाय वाचवले. मोठ्या आनंदानं तिला सांगायला गेले.

मावशीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थो अंगठा कोणाचा असते?"

"ज्याचा फोन त्याचा, मावशी."

"नवऱ्यानं दाबला तर? पोट्ट्यानं दाबला तर? तापानं फणफणलेल्या बाईनं दाबला तर तुले कसं समजन?"

"असं रोज थोडीच होते?"

"रोज होते, बाप्पा! मी रोज पायतो. तू झोपेल राहातं."

मी चिडले. मी म्हटलं, जमाना बदलला, कुणाला तुमचं रोज दारात येऊन ओरडणं नको आहे. हे मी बोलले. पाराजवळ, सात-आठ बायांसमोर बोलले, आणि एकही बाई मध्ये पडली नाही. कारण तेव्हा त्यांनाही तसंच वाटत होतं. मावशीनं काठी उचलली. "तुमची टोळी तुमाले लखलाभ," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं चार म्हाताऱ्या घेऊन नाल्यापलीकडच्या वावरात काम धरलं. पण सकाळचा फेरा सोडला नाही. आमच्याही दारात यायची, ओरडायची, बघायची आणि जायची. आम्ही आतून हसायचो. "मी माह्या पायानं फिरतो, तुमचं काय जाते?" एवढंच ती म्हणायची.

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला आवडले. मी ग्रुपवर हजेरी घ्यायचे. वावरात प्रत्येकीच्या कानात वायर. कुणी गाणी ऐकत होतं, कुणी मालिका, मी परीक्षेची लेक्चरं. पातींची रांग मोडली. कुणी या टोकाला, कुणी त्या टोकाला. कापूस तेवढाच निघत होता. वावर मात्र मुकं झालं होतं, आणि ते मुकेपण मला तेव्हा ऐकूच आलं नाही. ऐकायला कान कुठं मोकळे होते!

त्या दिवशी रंजूताईचा अंगठा ग्रुपवर होता. रंजूताई म्हणजे आमच्या शेजारची, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, हसली की गालात खळी पडणारी. ती वावरात आली नाही. मी तिला मेसेज टाकला, "ताई, तुमची पात रिकामी आहे." एकच खूण उमटली, म्हणजे तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. दांडी मारली असेल, असं म्हणून मी लेक्चर लावलं आणि बोंडांना हात घातला.

ती घरून वेळेवर निघाली होती. एकटी. ग्रुपच्या आधी त्या नाल्याच्या पायवाटेनं कुणीच एकटी जात नसे. कानात गाणं होतं. वाटेत घोणस कोवळ्या उन्हात पडली होती. घोणस ज्यानं पाहिली आहे त्याला माहीत आहे, ती आधी फुत्कारते, आणि साधं फुत्कारत नाही, कुकरच्या शिट्टीसारखं, दहा पावलांवरून ऐकू जाईल असं. रंजूताईला ते ऐकू आलं नाही. तिचा पाय घोणशीवरच पडला. नाल्यात रेंज नव्हती. ओरडली असेल, पण कुणासाठी? सगळ्यांचे कान बंद होते.

मावशी तिच्या चार म्हाताऱ्यांना घेऊन त्याच वाटेनं येत होती. एका झुडपावर साळुंक्यांनी कालवा केला होता. तिनं म्हाताऱ्यांना जागेवर थांबवलं, काठी आपटत पुढे गेली, आणि पळसाच्या बुंध्याला टेकून बसलेली रंजूताई तिला दिसली. चेहरा पांढराफटक, एक वायर अजून कानात. आणि मग मावशीनं हाक मारली. "सुशेऽऽ! बाया घेऊन ये वंऽऽ! रंजूले पान लागलंऽऽ!" आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

ती हाक पलीकडच्या गावातल्या मेंढपाळानं ऐकली. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यानं ऐकली, त्यानं ट्रॅक्टर थांबवला. मी मात्र दोनच वावरं पलीकडे असून ऐकली नाही. माझ्या नावानं मारलेली हाक! टोळीतली एक बाई वायर गुंतली म्हणून काढत होती, तिला ऐकू आलं. तिनं येऊन माझ्या खांद्याला धरून मला गदागदा हलवलं, तेव्हा मला कळलं.

आम्ही धावलो. कापसाचं गाठोडं बांधायचं मोठं कापड होतं, त्यात रंजूताईला घातलं आणि आठ जणींनी उचललं. वाटेत कुणीतरी मांत्रिकाचं नाव काढलं. मावशी अशी ओरडली की तो विषय पुन्हा निघाला नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, आल्यावर रेंज मिळाली, मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती लवकर आली. यवतमाळला रंजूताई सतरा दिवस होती. पाय काळा-निळा झाला, लघवी बंद झाली, दोनदा डॉक्टरांनी घरच्यांना आत बोलावलं. पण वाचली. आज चालते, थोडी लंगडते.

ती घरी आली त्या संध्याकाळी मी मावशीकडे गेले. माफी मागायची होती, आणि तरी माझ्या तोंडून काय निघालं पाहा. "मावशी, गाडी तर मोबाइलनंच आली ना?"

"आली," ती म्हणाली. "मानलं मी. पण ते पोरगी तिथं एकटी काहून होती? घोणशीनं तर तिचं काम केलं. बिचारीनं सांगून पाह्यलं. तुमी कान बुजवून घेतले, थे तिचा गुन्हा हाये का?"

मी रडायला लागले. तिनं जवळबिवळ घेतलं नाही. "माह्यापाशी कायले रडतं? उद्या सकाऊन तयार राह्य."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिनं मला दारातून उचललं आणि पहिल्या घरासमोर उभं केलं. "मार हाक." माझ्या तोंडून चिमणीएवढा आवाज निघाला. आतून कुणी बाहेर आलं नाही. "पुन्हा." त्या हंगामात रोज वीस घरं मी फिरले आणि घसा बसला की ती गरम पाणी प्यायला लावायची. हळूहळू बाया बाहेर यायला लागल्या. मग पाराजवळ जमल्या, मग रांगेत निघाल्या. ग्रुप काढून टाकते म्हटलं तर मावशीच म्हणाली, "राहू दे. नातवायचे फोटो टाका त्याच्यावर." टोळी पुन्हा तिची झाली. कुणी ठराव केला नाही, पाती आपोआप सरळ झाल्या.

मी आता यवतमाळला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. दिवसभर अंगठे मशीनवर टेकवून घेते आणि दिवसभर अंगठ्याच्या धन्याच्या तोंडाकडे बघते. मालक म्हणतो, वेळ जातो. म्हणू दे! मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याला मी दुकानासमोरच्या रांगेतून काढून सरळ दवाखान्यात पाठवलं. त्याचे ओठ निळे पडले होते आणि मागे उभी असलेली अकरा माणसं आपापल्या फोनमध्ये होती.

तीन वर्षांपूर्वी मावशीच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव राहिला आणि आवाज गेला. आता नुसती हवा येते. हे कळलं तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडले. मुलानं तिला नवा फोन दिला. चित्र दाबलं की फोनच तिच्याऐवजी बोलेल, असं काहीतरी त्यात भरून दिलं. गावातल्या बायाही म्हणाल्या, आता तरी ग्रुपवर या मावशी, आता हाक कशी मारणार? मी स्वतः म्हटलं. मला वाटलं, आता हरली बिचारी. इतकी वर्षं तिच्यासोबत फिरूनही मी तिला ओळखलं नव्हतं.

परवाच्या दिवाळीला गावी गेले. सकाळी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले होते, नजर फोनमध्ये. बराच वेळ झाला असेल. मान वर केली तर अंगणात मावशी उभी. गळ्याला रुमाल, हातात काठी, अंगानं निम्मी झालेली. कधीची उभी होती कोण जाणे. आई आतून म्हणाली, "रोज येते. तोंड दिसल्याशिवाय हालत नाही. पाऊस असला तरी उभी राहाते."

मी गल्लीत पाहिलं. आमच्या पुढच्या दारात रंजूताई उभी होती, लंगडा पाय उंबऱ्याला टेकवून. तिच्या पुढच्या दारात एक सून, केस अर्धे विंचरलेली. त्याच्या पुढे आणखी एक. गल्लीच्या टोकापर्यंत दारादारात बाया येऊन थांबल्या होत्या, कुणीही हाक न मारता.

मावशी माझ्याकडे बघत होती. उत्तर घेतल्याशिवाय ती पुढच्या घरी जाणार नव्हती. मी फोन ओट्यावर टाकून उठले, अंगणात आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "येतो वं मावशीऽऽ! येतो!"