दुसरी किल्ली

आमच्या डाळमिलमध्ये मशीनच्या पट्ट्यांवर बसवायच्या लोखंडी जाळ्या होत्या. हो, होत्या की! पिवळ्याधमक रंगवलेल्या, एकीला एक टेकून गोदामात उभ्या. तपासणीचे साहेब येणार म्हटलं की त्या बाहेर निघायच्या, पाहुणे आल्यावर पेटीतली ठेवणीतली चादर निघते तशा. साहेबांची गाडी हुमनाबादच्या रस्त्याला लागली की जाळ्या परत गोदामात. हेल्मेटांची तर आणखीच तऱ्हा. एकात कांदे, एकात खिळे, आणि एक वॉचमननं कोंबडी अंड्यांवर रवणात बसवायला घरी नेलेलं.

मी उदगीरकडची. लग्न होऊन इथं कर्नाटकात आले, आणि काही वर्षांनी आमच्या ह्यांनी कलबुर्गीच्या मार्केटातलं अडतीचं दुकान सांभाळायला घेतलं, तेव्हा मिल माझ्या गळ्यात पडली. माझ्या आणि सासऱ्यांच्या. सासऱ्यांना घरचे, कामगार, ट्रकवाले सगळे अप्पाच म्हणतात. मीही अप्पाच म्हणते. मिल त्यांच्या वडिलांनी उभी केलेली, त्यामुळं तिथल्या खिळ्यालाही अप्पांना विचारल्याशिवाय हलायची परवानगी नव्हती.

अप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत. तरुणपणी मिलमध्येच गेलेली. तो हात म्हणजे त्यांचं सर्टिफिकेट. नवीन कामगार आला की हात त्याच्या नाकापुढं नाचवून सांगायचे, “मशीनीनं खाल्ली. तरी बी जखम वाळायच्या आत कामावर हजर! भिनारा मानूस मिलमधी चालत न्हाई.” आणि तेवढ्यावर न थांबता चालू पट्ट्यात अडकलेला सुतळीचा तुकडा उरलेल्या बोटांनी ओढून काढून दाखवायचे. बघणारे “वा अप्पा!” म्हणायचे. मी तोंड फिरवायचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आणखी काय असतं?

मग एकदा एक नवे साहेब न सांगताच आले. जाळ्या गोदामात, कांदे हेल्मेटात. साहेबांनी ते सगळं बघून घेतलं. तूर निवडत बसलेल्या बायकांपाशी गेले आणि एकीला विचारलं, “मशीनजवळ कसं वागायचं हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

ती आमची दुबलगुंडीची अक्का. आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी कॉलेजात, घर सगळं हिच्या दोन हातांवर. ती सरळ म्हणाली, “शिकीवलं की. अप्पानं.”

साहेबांनी अप्पांच्या हाताकडं बघितलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. जाळ्या रोज लागल्या पाहिजेत. कामगारांना समजेल अशा भाषेत शिकवलं पाहिजे, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप. हे मालकाचं काम आहे, कामगाराच्या नशिबावर सोडायचं नाही. मुदत दिली आणि गेले.

“असले साहेब लै बघितले,” अप्पा म्हणाले. “चहा पाजायचा, जात्यात.”

“चहा पिऊन गेले ते. पण अक्कानं दिलेलं उत्तर इथंच राहिलं,” मी म्हटलं. अप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं. बैल गेला अन् झोपा केला, असं आपल्या मिलमध्ये होऊ द्यायचं नाही. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे.

जाळ्या लागल्या, त्या आधी नटबोल्टनं, मग वेल्डिंगनं, कारण नटबोल्ट कुणीतरी काढून ठेवायला लागलं. हेल्मेटं धुतली. वॉचमनकडचं तेवढं पिल्लं बाहेर पडेपर्यंत सोडून दिलं. आणि मेन स्विचच्या पेटीला वायरमनकडून असं कुलूप बसवून घेतलं, की ते उघडल्याशिवाय मिल चालूच होणार नाही. किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला. ज्याला मशीनमध्ये हात घालायचा, त्यानं स्विच पाडायचा, कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या कमरेला खोचायची आणि मगच आत जायचं. बाहेर येईल तेव्हा त्यानंच उघडायचं. दुसऱ्या कुणी नाही, मीसुद्धा नाही.

सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना अंगणात बसवून शिकवायला लागले. मराठीत, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात, आणि आमच्या मिस्त्रीचाचांसाठी दखनीत. पहिले काही सोमवार म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाया पदरात तोंड घालून हसायच्या. “बाई, आमाला परीक्षा बी हाय का?” म्हटलं, “आहे. नापास झालीस तर हात जाईल.” हसू जरा कमी झालं. मी चार शब्द पाठ करून घेतले, “हात आत, किल्ली कमरेत,” आणि एकेकाला उठवून म्हणायला लावलं. कन्नड बोलणाऱ्या गड्यांनी आपल्या भाषेत त्याची चाल बांधली, आणि मग बायकाही तूर निवडताना गुणगुणायला लागल्या. बायकांना ती किल्ली आवडली होती, हे मला नंतर कळलं. घरी कपाटाच्या किल्ल्या अजून सासूच्या कमरेला, आणि इथं अख्खी मिल त्यांच्या कमरेला!

अप्पा लांब वजनकाट्यापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पाठ आमच्याकडं करून पेपर वाचायचे.

आता खरी गोम सांगते. कुलपाबरोबर किल्ल्या दोन आल्या होत्या. एक खिळ्याला. दुसरी वायरमनच्या हातातून अप्पांनीच घेतली आणि बंडीच्या खिशात टाकली. मी मागितली. “मालकाकडं एक असायलाच पायजे,” ते म्हणाले. मी म्हटलं, “अप्पा, दुसरी किल्ली असली की कुलपाला अर्थच राहत नाही. आत माणूस असताना बाहेरून कुणी उघडलं तर?”

“कुनी म्हंजी? मी का कुनी हाय?”

मी रोज मागत राहिले. जेवताना मागितली, चहा देताना मागितली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, जित्याची खोड!” आणि पुढचं अर्धं नवऱ्याच्या बाबतीत कसं म्हणायचं म्हणून जीभ चावली. मिस्त्रीचाचा मला हळूच म्हणाले, “तुमारा बात सही है अम्मा, पन अप्पा कू कौन समझाना?” खरंच होतं. ती किल्ली जोवर अप्पांच्या खिशात, तोवर माझं सोमवारचं शिकवणं म्हणजे नुसतं भजन. आत उतरणाऱ्याचा जीव त्याच्या कमरेला नव्हताच, तो अप्पांच्या बंडीत होता.

तुरीच्या हंगामात एका दुपारी ते झालं. आमच्याकडं जमिनीत एक खड्डा आहे. त्यात तूर ओततात आणि लहान लहान डब्यांचा पट्टा ती उचलून वर नेतो. माल ओलसर आला, खड्ड्यात तूर दाटली, पट्टा अडकला. अक्कानं स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली, नाकातोंडाला आणि कानाला फडकं गुंडाळलं आणि खड्ड्यात उतरली. सगळं शिकवल्याबरहुकूम. बाहेर डाळीसाठी ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता.

अप्पा गावातून आले ते तापूनच. “कामून बंद हाय मिल? ट्रकवाला बोंबलायलाय न्हवं!”

स्विचची पेटी भिंतीच्या अलीकडं, खड्डा पलीकडं. इथून तिथलं दिसत नाही. मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं, अप्पांचा हात बंडीच्या खिशात गेला. कशी धावले मला आठवत नाही. चप्पल कुठं पडली तेही नाही. मी पोचेपर्यंत किल्ली कुलपात शिरली होती.

“अप्पा, थांबा! खड्ड्यात माणूस आहे.”

“कोन हाय? मला तर कुनी दिसंना.” मग भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं ओरडले, “कोन हाय का आत?”

उत्तर आलं नाही. हॉर्न वाजत होता.

“बघ. असतं तर आवाज दिला नसता का?”

मी कुलपावर दोन्ही हात ठेवले. सगळी मिल गोळा झाली होती, आणि सून सासऱ्याच्या वाटेत उभी होती, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंडात येईल ते बोलत. “फिरवा. माझ्या हातावरून फिरवा! तुमची अर्धी बोटं आहेत, माझीही होऊ द्या, घरात जोडी लागेल!” असं मी बोलले. आजही ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. पण हात मी काढला नाही. काढणारही नव्हते.

अप्पांचा चेहरा असा झाला की आता हे माझ्यावर हात उचलतात, असं वाटलं. तेवढ्यात भिंतीच्या कडेनं अक्का आली. पापण्यांपर्यंत तुरीच्या धुळीनं पिवळी. तिनं कानावरचं फडकं सोडलं, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाली, “झालं बाई. लावा चालू.”

मग तिनं आमची तोंडं बघितली. कुलपातली दुसरी किल्ली बघितली. आणि हातातली किल्ली परत कमरेला खोचली.

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग आपल्या हाताकडं. किल्ली कुलपात तशीच सोडून ते निघून गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. ते झोपायला गेल्यावर मी ती किल्ली त्यांच्या बंडीत परत ठेवली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, आयती हातात आली होती, ठेवायची नाहीस का?” म्हटलं, चोरून घेतलेली मला नको. ज्याची आहे त्यानं दिली पाहिजे, नाहीतर उद्या तिसरी करून आणतील.

सोमवारी मी अंगणात उभी राहिले तेव्हा वजनकाट्यापाशी खुर्ची दिसली नाही. अप्पा कामगारांच्यात येऊन एका पोत्यावर बसले होते. बाया सावरून बसल्या. माझी धडगत नाही, असंच मला वाटलं. मी नेहमीसारखं सुरू केलं, तर ते उठले आणि उजवा हात वर केला.

“ह्यो हात कुनी तोडला?”

सगळ्यांना पाठच होतं. “मशीनीनं,” अक्काच म्हणाली.

“न्हाई,” अप्पा म्हणाले. “स्विच माझ्या बापानं दाबला व्हता.”

अप्पांनी हात खाली घेतला.

“त्याच खड्ड्यात मी व्हतो. माल जायचा व्हता, घाई व्हती. बापानं हाक मारली व्हती, ‘कोन हाय का आत?’ म्हनून. मला ऐकूच आली न्हाई. त्यानं दाबला. म्हातारा मरंपर्यंत माझ्या ताटात भाकर सोताच्या हातानं कुस्करून द्यायचा. मला येत व्हतं की, डाव्या हातानं. पर मी न्हाई म्हनलो न्हाई. लोकास्नी काय सांगायचं? बापाचं नाव कसं घ्यायचं? म्हनून मशीनीचं घेतलं. सांगू सांगू मलाच खरं वाटाय लागलं.”

मग ते अक्काकडं वळले. “परवा मी बी हाक मारली व्हती गं. तुला ऐकू आली?”

अक्कानं मान हलवली. “न्हाई अप्पा.”

अप्पांनी बंडीतून किल्ली काढली. मला वाटलं माझ्या हातात देतील. त्यांनी ती अक्काच्या पुढ्यात ठेवली. अक्कानं ती उचलली, मिस्त्रीचाचांना दिली आणि चाचांनी पकडीत धरून तिथंच कापली. दोन तुकडे मातीत पडले. कुणी “वा अप्पा” म्हटलं नाही. मला मात्र रडू यायला लागलं, आणि सगळ्यांसमोर रडायचा मला भयंकर राग आहे, म्हणून मी दात आवळून नुसतीच उभी राहिले.

अप्पा परत पोत्यावर बसले. धोतर सारखं केलं.

“कामून गप झालीस?” ते म्हणाले. “शिकीव की. मी पहिल्यांदाच आलोय.”