कॅबिनेटमधला भंडारा

माझं अक्षर वाईट आहे. काना-वेलांटी चुकते, ओळ वर चढत जाते. चौथीनंतर मेंढरांमागं गेले, ती पाटी सुटलीच. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागते. अक्षराची माफी. आत जे लिहिलं आहे त्याची नाही.

बापू गेला त्याला आता सहा आठवडे होतील. बापू म्हणजे माझा धाकटा दीर. इस्लामपूरला एका लग्नाचं शूटिंग करताना छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. फोन आला तेव्हा मी जोंधळा पाखडत होते. सूप खाली ठेवलं, आणि खरं सांगायचं तर रडू आलं नाही. मनात आलं, आता माझे नव्वद हजार कोण देणार… दहाव्याला लोकांनी भाषणं केली. बापू कलाकार होता, दिलदार होता, गावोगावच्या लेकींची लग्नं त्यानं जपून ठेवली. मी बायकांच्या मागं भिंतीला टेकून ऐकत होते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तेव्हाही निघाला नाही. म्हणून इथं लिहिते.

माझे मालक वारले तेव्हा माझ्याबरोबर मेंढरांमागं जायला कोणी उरलं नाही. कळप विकला, नव्वद हजार आले. ते पैसे सुमनच्या नर्सिंगचे होते, बारावी झाली की लेकीला साताऱ्याला घालायची असं मालकांनीच ठरवलेलं. बापू तेव्हा लग्नं शूट करायचा आणि कापाकापी-जोडाजोडीला सांगलीत दुसऱ्याच्या दारात ताटकळायचा. त्याला स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे होता. एक दिवस येऊन उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "वैनी, एका सीझनमधी पैसं फिटत्यात. सुमनच्या ॲडमिशनच्या आदी तुमच्या हातावर ठिवतो." मी मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पैसे माझ्या पिशवीत, म्हणून मीही सांगलीला गेले. दुकानदारानं एकेक भाग काचेवर मांडला. प्रोसेसर म्हणून दाखवला तो बिस्किटाएवढा. मी हळूच विचारलं, एवढ्याशाला एवढे? तर बापू दुकानदाराकडं बघून हसला. "आमच्या वैनी चौथी शिकल्यात, त्यास्नी मेंढराचा भाव इचारा." आणि हसता हसता माझ्याच पिशवीतल्या नोटा मोजत होता. मग मला म्हणाला, वैनी, ऊन लय हाय, समोरच्या गाड्यावर रस पिऊन या. किती काळजी करतो, असं मला वाटलं. तो रस मला अजून आठवतो.

कॉम्प्युटर घरी आला. गरम होतो म्हणून बापूनं कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता. आमच्यात नवी वस्तू घरात आली की तिच्यावर भंडारा टाकल्याशिवाय वापरत नाहीत, मग ते कोकरू असो नाहीतर मोटरसायकल. मी मूठभर उधळला, तो उघड्या बाजूनं आत गेला. आतला पंखा पिवळा झाला. बापू केवढ्यानं तरी ओरडला. आणि महिन्याभरात ते मशीन मधेच बंद पडायला लागलं. बंद पडलं की गिऱ्हाइकांसमोर तो म्हणायचा, "आमच्या वैनीचा भंडारा. लाखाचं मशीन खाल्लं." लोक हसायचे. मी पैसे मागायचे कशाच्या जोरावर? माझ्याच हातानं नुकसान झालं, असं मीही धरून चालले. सुमनची ॲडमिशनची तारीख गेली. ती पाचगणीला एका हॉटेलात चादरी धुवायला लागली, अजून तिथंच आहे.

एकदाच धीर करून मागायला गेले. त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर काहीतरी लावलं. कुठल्यातरी जुन्या लग्नाची पंगत, त्यात माझे मालक. भाकरी मोडत कोणाकडं तरी बघून हसत होते. बापूनं ते हळू करून परत परत दाखवलं. म्हणाला, "बघा वैनी, ह्यासाठी मशीन लागतंय." मी पदर तोंडाला लावून घरी आले. पैशाचं बोललेच नाही… तेवढं चित्र सुमनच्या मोबाइलवर आहे. मी बघत नाही. बघितलं तर त्याचे उपकार वाटतात.

तेराव्यानंतर बापूची बायको, माझी जाऊ कमल म्हणाली, "आक्का, मशीन इकायचंय. घेताना तुमी व्हता, तुमीच चला." तेच दुकान, तीच काच. दुकानदारानं पत्रा काढून फुंकर मारली तर पिवळी धूळ उडाली. मी मान खाली घातली. एवढी वर्षं मनात धरलेलं तोंडातून निघून गेलं, "माझ्यामुळं बिघडलं हे."

तो म्हणाला, "भंडाऱ्यानं काय हुतंय, बाई? आवं, ह्यो करंट देणारा डबाच जुना हाय. तुमी रस प्यायला गेलावता तवा बापूच म्हणालं, जुना घाला न् फरकाचं पैसं मला द्या. पयल्यांदा बंद पडलं तवाच मी त्यास्नी सांगिटलं, डबा बदला म्हणून."

कमल माझ्याकडं बघेना. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी गप्प बसले, एवढंच चांगलं माझ्याकडून झालं. माणूस पैसे बुडवतो ते एक वेळ कळतं. पण चूक त्याची, आणि शरमेनं मी मान खाली घालून चालायची, हे नाही विसरत मी.

कमलनं कॅमेरा विकला, मशीन विकलं, कमी पडले तिथं बोरमाळ मोडली. नको म्हणावंसं वाटलं, पण मला नाही म्हणता येत नाही, ते ह्या वेळी बरंच झालं. परवा येऊन तिनं माझ्यासमोर नोटा मोजल्या. नव्वद हजार, एक रुपया कमी नाही. ती गेल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली, नोटा आत ठेवल्या आणि नव्या वस्तूवर टाकते तसा त्यांच्यावर मूठभर भंडारा टाकला. कोणी ओरडलं नाही.