हमीदभाऊंची लाल रेघ

हमीदभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अमरावतीला मुलीकडे होतो. माझा विश्वासच बसेना, कारण आदल्याच संध्याकाळी त्यांनी मुरमाच्या ट्रॉलीसाठी मला फोनवर भंडावून सोडलं होतं. छातीत कळ आली आणि अकोल्याला नेता नेताच सगळं संपलं...

मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. नापिकीची वर्षं होती. घरांना रिक्षा परवडेना, म्हणून मुलं हमरस्त्याच्या कडेने पायी येऊ लागली आणि त्यांच्या अंगाला घासून ट्रक जायचे. हमीदभाऊंनी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला, मुलांना आपापलं घर आणि शाळा शोधायला लावली. हमरस्ता लाल रंगवला आणि शेतांमधून येणारी जुनी पांदण त्यांच्याकडूनच हिरव्या रेघेने काढून घेतली. त्या रेघेचं त्यांना इतकं कौतुक, की मी वैतागून चहाला निघून जायचो.

पावसाळ्यात मुलं पुन्हा हमरस्त्यावर. हमीदभाऊ वर्गात चांगलेच तापले. तेव्हा सातवीतली पूजा शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या नकाशाले चिखल नाई लागत."

दुसऱ्या दिवशी हमीदभाऊ भर पावसात पांदणीनेच आले. पाय गुडघ्यापर्यंत काळ्या मातीने भरलेले, एक चप्पल चिखलातच राहिलेली. तसेच वर्गात गेले आणि हिरवी रेघ पुसून लाल केली. "पांदण पक्की होईलोक रेघ लालच राहीन," एवढंच बोलले. मग दारोदार मुरूम मागत फिरले. मी त्यांची थट्टा करायचो, आणि सोबतही जायचो. जेवढा मुरूम पडे, तेवढा तुकडा मुलं हिरवा करत. नाल्याजवळचा तेवढा राहून गेला.

गेल्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. वहिनींनी त्यांचा मोबाइल शाळेला दिला. मी नकाशा उघडला. वाटलं, आज त्यांच्या नावाने नाल्याजवळची एवढी रेघ हिरवी करून टाकावी. पूजा शेजारीच उभी होती. तिने माझा हात धरला.

"नका करू सर. तिथं अजून चिखल हाये. लहान पोरं नकाशा पाहून जातीन."

मी मोबाइल तिच्याकडे दिला आणि सगळ्यांसमोर रडलो.

तो मोबाइल आता शाळेच्या कपाटात असतो. उघडला की नाल्याजवळ बोटभर लाल रेघ दिसते. ट्रॉलीवाल्याला मी रोज फोन करतो. तोही आता माझ्यावर वैतागतो.