हाताने उतरवलेलं गाणं

चर्चच्या गायकवृंदात कुणी फोटो काढायला स्वरलिपीवर मोबाइल धरला, की ओक्काचा तळवा मध्ये आलाच म्हणून समजा. स्वरलिपींच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. "आली कायद्याची मावशी!" म्हणून फोको गवळी खर्जात हसायचा.

हे वळण तिला गेस्केने लावलं होतं. गेस्के म्हणजे त्यांची गाणी बसवणारी. एकदा कुणी झेरॉक्स वाटल्या, तर बाईने सगळ्यांदेखत टराटरा फाडल्या. "ज्याने हे सूर जुळवले, त्याच्या ताटातलं ओढून देवासमोर गाता होय रे?" तिचं दुसरं पालुपद म्हणजे, "कागदातून मुंडकी वर काढा!" ते मात्र कुणी कधी ऐकलं नाही.

आता गेस्के अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. रेडिओवर ऐकलेलं एक नवं गाणं तिच्या मनात बसलं होतं. "रविवारी माझ्या खिडकीखाली म्हणाल?" एवढंच तिने मागितलं.

ओक्काने ते लगेच टॅबलेटवर विकत घेतलं. पण प्रत एकाच माणसापुरती होती, पानापानाच्या तळाशी ओक्काचं नाव. गायकवृंदासाठी जास्तीच्या प्रती फक्त प्रकाशकच द्यायचा, आणि त्याचं कार्यालय उन्हाळी सुट्टीवर.

"अगं, एक बटण दाब, सगळ्यांच्या फोनवर जाईल," फोको म्हणाला. "मरणाऱ्या बाईसाठी कोण पोलीस बोलावतंय?"

"पोलिसांना कोण भितंय? गेस्केला काय तोंड दाखवू?"

 मग ओक्कालाच आठवलं: फोटो नको, छापायचं नको, पण ज्याने त्याने स्वतःपुरतं हाताने उतरवून घेतलं तर कायद्याला चालतं. फक्त तो कागद घेऊन लोकांपुढे गायचं नाही.

"मग लिहायचं कशाला? लोणचं घालायला?"

"डोक्यात जायला, गाढवा. बस खाली."

चर्चच्या बैठकीच्या खोलीत चहाच्या किटलीला टेकवून टॅबलेट उभा केला. गरम चहा ओतताच कपातली खडीसाखर तडतडली आणि माना खाली गेल्या. फोकोने दातांत जीभ धरून जाडजूड बोटांनी रेषांवर सुरांचे ठिपके काढले.  ओक्काचे सूर रेषेवरून घसरत होते. तरी ती लिहीत राहिली, आणि लिहिता लिहिता तिला भरून आलं. इतकी वर्षं तिने कागद राखला, पण यातला एकेक ठिपका कुणीतरी विचार करून इथेच ठेवलाय, हे तिला आज कळत होतं. आपण केवढ्या मोठ्या गोष्टीची राखण करत होतो, या विचाराने ती चक्रावूनच गेली.

रविवारी सगळे गेस्केच्या तळमजल्यावरच्या बुटक्या खिडकीखाली रस्त्यावर उभे राहिले. कागद घरी. रिकाम्या हातांचं काय करावं हे कुणाला कळेना. फोको ते खिशात घालायचा, पुन्हा बाहेर काढायचा. कागदाशिवाय ते कधी गायलेच नव्हते. ओक्का मनातल्या मनात पहिली ओळ म्हणून बघत होती. आता विसरलो, तर पुन्हा संधी नाही.

गेस्केच्या मुलीने तिला खिडकीलगतच्या पलंगावर उशीला टेकवून बसवलं आणि खिडकी उघडली.

पहिली ओळ डगमगली. दुसरी उभी राहिली. मग गाणं आपोआप हातांतून गळ्यात येत गेलं. बघायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून सगळे गेस्केकडे बघत होते. पांघरुणावर तिचं बोट ताल धरू लागलं.

गाणं संपलं. गेस्के बराच वेळ एकेकाचा चेहरा न्याहाळत राहिली.

"जन्मभर ओरडले, वर बघा, वर बघा," ती क्षीण आवाजात म्हणाली. "आज बघितलंत होय रे मेल्यांनो?"

ओक्काने डोळे पुसले.

"रडतेस काय! पुन्हा म्हणा. आणि फोको, तू घाई करतोस."