नीताच्या घरातली उल्का

गुरुप्रसाद दोह्याहून मुली बघायला नाशिकला आला, तेव्हा म्हणे त्याने त्रेचाळीस घरचे पोहे खाल्ले होते. चव्वेचाळिसाव्या घरी उल्का ट्रे घेऊन बाहेर आली आणि हा सहा फुटी इंजिनिअर खुर्चीसकट मागे कोसळला. तुळशीची कुंडी फुटली, उल्काच्या वडिलांचा चष्मा चहात बुडाला, शेजारचा कुत्रा दोन दिवस जेवला नाही. गुरुप्रसाद उठला आणि कपडेही न झटकता म्हणाला, "पसंत आहे."

हा आपल्या रूपाचाच प्रताप, असं उल्काला वाटलं. एकतिसाव्या वर्षी असं वाटून घ्यायला कोणाला आवडणार नाही?

तो विधुर आहे हे तिला ठाऊक होतं. पहिली बायको, नीता, आदल्या उन्हाळ्यात सुट्टीला नाशिकला आली आणि न्यूमोनियाने गेली. तिचा फोटो घरात एकही नव्हता. बघवत नाही, असं तो म्हणायचा.

लग्न होऊन २०१८च्या सप्टेंबरात उल्का दोह्यातल्या अल नस्र भागातल्या फ्लॅटवर पोचली. लिफ्टमध्येच तिसऱ्या मजल्यावरच्या मालविकाने तिला मिठी मारली. "आलीस बाई एकदाची! किती वाळलीस गं नीता!"

संध्याकाळी उल्काने नवऱ्याला विचारलं. तो बुटाची नाडी सोडत बसला. अर्धा तास.

"कोणाला सांगितलंच नाही गं. आई आजारी आहे म्हणून थांबलीय, एवढंच म्हटलं होतं. मग स्टेडियमचं काम वाढलं, आणि राहूनच गेलं."

"बायको मेल्याचं सांगायचं राहून गेलं?"

"हँडओव्हर होऊ दे, सगळ्यांना सांगतो. इन्शाल्ला."

"हँडओव्हर कशाचा? माझा?"

यावर तो अल रय्यानला स्टेडियमच्या साइटवर निघून गेला. संसारातला कुठलाही प्रश्न तो साइटवर जाऊन सोडवत असे.

उल्का प्रत्येकीला सांगायची, "मी उल्का." बायका हसायच्या आणि म्हणायच्या, "नीता, तुझी थट्टा काही जात नाही." इस्त्रीवाल्याने नीताचा वर्षापूर्वीचा ब्लाउज आणून दिला. तो तिला एक टाकाही न उसवता बसला. हळदीचा डबा न शोधता हाती यायचा. वसईची रीटा नर्स होती. तिने जिन्यात विचारलं, "ती तुझी पाठ बरी झाली काय गो?" उल्काची पाठ कालपासूनच दुखत होती.

आरशात मात्र ती अजून उल्काच होती. दिवसातून चारदा ती खात्री करून घ्यायची.

जानेवारीत शुक्रवारी दुपारी मालविकाकडे हळदीकुंकू होतं. तिथे उखाणा घ्यावाच लागणार. उल्काने चार दिवस खपून एक रचला. त्यात स्वतःचं नाव होतं, माहेरचं गाव होतं, आणि शेवटी 'मी दुसरी' असं स्पष्ट होतं. एकदा भरल्या सभेत बोललं की खलास, आपलं नाव आपल्याला परत मिळेल.

"चल नीता, घे नाव," मालविका म्हणाली.

उल्का उभी राहिली. घसा खाकरला. तोंड उघडलं.

"क्रेनवर क्रेन चढली दोह्याच्या दारात,
गुरुप्रसादरावांचं नाव घेते हक्काच्या घरात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "तोच! दर वर्षी तोच!" मालविका ओरडली. "बाई, आता तरी नवा कर!"

हा उखाणा उल्काने जन्मात कधी ऐकला नव्हता. ती खाली बसली. रीटाने तिच्या हातात तिळगूळ ठेवला आणि गालाला हात लावून म्हणाली, "हात किती गार तुझे. पहिल्यापासूनच."

घरी येऊन उल्का आरशासमोर गेली नाही. बॅग भरली. गुरुप्रसाद दारात उभा होता.

"उल्का, थांब," तो म्हणाला. चार महिन्यांत त्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारलं.

ती थांबली नाही. दीड वर्षाने परस्परसंमतीने घटस्फोट झाला. दोह्यात फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला तेव्हा ती नाशिकमध्ये एका पतसंस्थेत कारकून होती. तिने एकही सामना पाहिला नाही.